जपानी सिनेमा: कुठून सुरुवात करावी, कोणती प्रत लावावी आणि कानांनी काय टिपावं

जपानी सिनेमा बघायला बसलेला माणूस बहुधा एकाच ठिकाणी अडखळतो. कुठल्याशा ‘जगातले सर्वोत्तम शंभर’ यादीत वरच्या क्रमांकावर दिसलेला दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ तो पहिल्याच रात्री लावतो, चाळिसाव्या मिनिटाला फोन हातात घेतो आणि ‘फार संथ आहे बुवा’ म्हणून विषय मिटवतो. खरं तर तोवर तीन गोष्टी बिघडलेल्या असतात. क्रम चुकलेला असतो, टीव्हीची सेटिंग्ज चुकलेली असतात आणि इंग्रजी सबटायटलवर नको तेवढा भरवसा टाकलेला असतो. तिन्ही गोष्टी दुरुस्त होतात. तिसरीच्या बाबतीत तर मराठी माणूस इंग्रजी प्रेक्षकापेक्षा पुढे असतो, पण ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आधी प्रत तपासा

चित्रपट लावण्यापूर्वी त्याची लांबी बघा. जुन्या जपानी चित्रपटांच्या कापलेल्या आवृत्त्या परदेशात वर्षानुवर्षं फिरत होत्या आणि त्यातल्या काही अजूनही सापडतात. अकिरा कुरोसावाचा ‘सेव्हन समुराई’ (१९५४) पूर्ण असेल तर २०७ मिनिटांचा असतो. परदेशी वितरणासाठी त्यातली सुमारे पन्नास मिनिटं कापली गेली होती, त्यामुळे लांबी १६० मिनिटांच्या आसपास दिसली तर ती प्रत बाजूला ठेवा. तेशिगाहाराचा ‘वुमन इन द ड्यून्स’ (१९६४) १४७ मिनिटांचा हवा. दोन तासांच्या आसपास संपणारी प्रत छाटलेली असते. कोबायाशीच्या ‘क्वाइदान’मध्ये (१९६४) चार भुताच्या गोष्टी आहेत आणि लांबी १८३ मिनिटं. त्यात बर्फातल्या बाईची गोष्ट नसेल तर तुम्हाला तीन-चतुर्थांशच चित्रपट मिळाला आहे.

पण लांबी कमी दिसली म्हणून लगेच प्रत फेकू नका. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटी या वेगाने चालतात, म्हणजे सगळं चार टक्के लवकर उरकतं. लांबीला २४ने गुणून २५ने भागा. २०७चे १९९ होतात, ‘टोकियो स्टोरी’च्या १३६ मिनिटांची साधारण १३०. असा आकडा जुळला तर एकही दृश्य गेलेलं नाही, फक्त माणसं जरा भरभर बोलतात आणि आवाज किंचित चढा लागतो. ओझूमध्ये तो चढा आवाज खटकतो, कुरोसावामध्ये लक्षातही येत नाही.

डिस्क मागवणार असाल तर प्रदेश बघा. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ गटात येतो, जपान आणि अमेरिका ‘ए’मध्ये, ब्रिटन ‘बी’मध्ये. क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क-कंपनीच्या ब्लू-रे ‘ए’च्या आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या ‘बी’च्या, त्यामुळे इथला साधा प्लेअर दोन्हींना नकार देऊ शकतो. फोर-के डिस्कला मात्र प्रदेशाची अट नसते. थेट जपानहून डिस्क घ्यायचा मोह झाला तर इंग्रजी सबटायटल आहेत का ते आधी बघा, कारण तिथल्या देशी आवृत्त्यांमध्ये ती बऱ्याचदा नसतात.

टीव्हीची तीन बटणं

पहिलं, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सोनीवर ती ‘मोशनफ्लो’ म्हणून असते, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’. टीव्ही दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये स्वतः बनवलेल्या चौकटी घुसडतो आणि १९६१चा ‘योजिंबो’ दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा, नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’.

दुसरं, शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा आणि नॉइज रिडक्शन बंद करा. जुन्या फिल्मचा दाणा म्हणजे घाण नव्हे. टीव्ही तो पुसायला जातो आणि त्याबरोबर चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसतो. ज्या सिनेमात अर्धं काम चेहरे करतात, तिथे हा तोटा मोठा आहे.

तिसरं, चित्राचा आकार ‘ओरिजिनल’ ठेवा. साधारण १९५७ पूर्वीचे जपानी चित्रपट जवळपास चौकोनी, १.३७ला १ या प्रमाणात आहेत. त्यानंतर तोहो, शोचिकू, दाइएई अशा सगळ्याच स्टुडिओंनी २.३५ला १ असा रुंद पट्टा उचलला. ५५ इंची टीव्हीवर पहिल्या प्रकारचं चित्र ९४ सेंटिमीटर रुंद आणि ६८ उंच पडतं, बाजूला काळ्या पट्ट्या राहतात. दुसऱ्या प्रकारचं १२२ रुंद आणि फक्त ५२ उंच, तेव्हा पट्ट्या वर-खाली. पट्ट्या नकोत म्हणून ‘झूम’ केलंत तर चौकोनी चित्राची जवळपास चौथाई उंची उडते आणि त्यात नेमकी जमीन जाते. ओझूच्या घरात जमीन गेली तर उरलं काय? ओझूने रुंद पट्टा कधीच वापरला नाही, शेवटच्या चित्रपटातही नाही. त्यामुळे कुठे ओझू टीव्हीभर पसरलेला दिसला तर तो कापलेला किंवा ताणलेला आहे, हे न तपासता समजा.

आणखी एक, जे सेटिंग्जमध्ये सापडत नाही. टीव्ही भिंतीवर पाच फूट उंच टांगला असेल तर ओझूचा कॅमेरा विचित्र वाटतो. तो चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही थोडा खाली लावलेला असतो. स्क्रीनचा मध्य बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत आला की चौकट आपोआप बरोबर बसते. शिवाय समोरची ट्यूबलाइट बंद करा. काळ्या-पांढऱ्या चित्रात सावल्या पुष्कळ असतात आणि त्या सगळ्या ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबात बुडतात.

पहिले आठ आठवडे

आठवड्याला एक, जास्त नको. क्रम असा.

पहिल्या आठवड्यात कुरोसावाचा ‘हाय अँड लो’ (१९६३, १४३ मिनिटं). समुराईपासून सुरुवात करायची सवय आपल्याला पोस्टरांनी लावली आहे. पण या अपहरणकथेला इतिहासाची काहीच तयारी लागत नाही. जपानी नावाचा अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’, आणि तो इंग्रजी नावापेक्षा चित्रपटाला कितीतरी अधिक लागू पडतो. टेकडीवर कारखानदार गोंदोचं गार बंगलेवजा घर, खाली उकाड्यात घुसमटणारं योकोहामा. पहिला जवळजवळ तास एका दिवाणखान्यात जातो. तिथे कथा शोधू नका, माणसं कुठे उभी राहतात ते बघा: निर्णय ज्याच्यावर आहे तो एका टोकाला, पोलीस दुसऱ्या टोकाला, आणि ज्याचा मुलगा पळवला गेलाय तो ड्रायव्हर पाठ वाकवून कोपऱ्यात. खंडणी तीन कोटी येन आहे. तेव्हा डॉलरचा भाव ३६० येनवर बांधलेला होता, म्हणजे ८३ हजार डॉलर आणि त्या वेळच्या भावाने सुमारे चार लाख रुपये. हा हिशेब डोक्यात असला की गोंदो इतका का कचरतो ते कळतं. काळ्या-पांढऱ्या चित्रपटात एकाच जागी रंग येतो. तो तुमच्या टीव्हीचा बिघाड नाही.

दुसऱ्या आठवड्यात ओझूचा ‘गुड मॉर्निंग’ (१९५९, ९४ मिनिटं). दोन भावंडं घरात टीव्ही घ्यावा म्हणून बोलणं बंद करतात, एवढीच गोष्ट, आणि वर पादण्याचे विनोद. ओझू म्हणजे उदास म्हातारे हा समज इथेच मोडतो, आणि त्याची चौकट, कॉरिडॉर, सरकती दारं यांची सवय हसता हसता होते.

तिसरा ‘हाराकिरी’ (१९६२, १३३ मिनिटं), मासाकी कोबायाशीचा. काळ १६३०. सरंजामदारांची घराणी बरखास्त झाल्यामुळे हजारो समुराई बेकार आहेत, एवढं माहीत असलं की पुरे. चित्रपट भूतकाळात पुन्हा पुन्हा जातो, त्यामुळे मध्ये उठून चहा करायचा नाही. पूर्वार्धातलं एक दृश्य फार क्रूर आहे. रक्त कमी दिसतं, पण कान आणि कल्पनाशक्ती सोडत नाहीत. मुलांना घेऊन बसू नका.

चौथा, हिरोकाझू कोरे-एदाचा ‘स्टिल वॉकिंग’ (२००८, ११५ मिनिटं). थोरल्या मुलाच्या वर्षश्राद्धाला कुटुंब एकत्र जमतं, स्वयंपाक होतो, टोमणे मारले जातात, दुसऱ्या दिवशी सगळे जातात. मक्याच्या दाण्यांची भजी तळतानाचा आवाज ऐका. आईच्या तोंडी येणारी काही वाक्यं आपल्याकडच्या कुठल्याही स्वयंपाकघरात खपून जातील, आणि ती तितकीच बोचरी आहेत.

मग पाचव्या आठवड्यात ‘लेट स्प्रिंग’, सहाव्यात ‘सेव्हन समुराई’, सातव्यात नारुसेचा ‘व्हेन अ वुमन असेंड्स द स्टेअर्स’, आणि आठव्यात ‘टोकियो स्टोरी’. इतक्या उशिरा का? कारण त्यात काय केलेलं नाही हे कळायला बाकीचे काय करतात ते आधी बघितलेलं असावं लागतं.

ओझू: न दाखवलेलं मोजा

‘लेट स्प्रिंग’ (१९४९) सगळा मुलीच्या लग्नाभोवती फिरतो आणि नवरामुलगा एकदाही पडद्यावर येत नाही. हा विसरभोळेपणा नाही. ओझू समारंभ वगळतो आणि समारंभानंतरची रिकामी खोली दाखवतो. म्हणून ओझू बघताना कागद घेऊन बसा आणि न दाखवलेल्या गोष्टींची यादी करा: कोणतं लग्न, कोणता प्रवास, कोणता मृत्यू. यादी हातात आली की संथपणाची तक्रार फारशी उरत नाही, कारण चित्रपट खरं तर मोठमोठ्या उड्या मारत चाललेला असतो.

दृश्यांच्या मधे वाळत घातलेले कपडे, धुराडी, रिकामा जिना, रेल्वेचे रूळ येतात. त्यांना प्रतीक समजून अर्थ काढत बसू नका. ती श्वास घ्यायची जागा आहे, आणि पुढचं दृश्य कुठे घडणार त्याची सूचना. ‘लेट स्प्रिंग’मधल्या क्योतोच्या खोलीतल्या फुलदाणीवर अभ्यासकांनी ढीगभर लिहिलं आहे. पहिल्यांदा बघताना ते सगळं विसरा आणि फुलदाणीच्या आधी मुलीचा चेहरा कसा होता, नंतर कसा आहे, एवढंच टिपा.

दोन माणसं बोलताना दोघंही एकाच दिशेला बघतायत असं वाटेल. हॉलिवूडचा नियम आहे की कॅमेरा दोन पात्रांमधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला राहतो. ओझू ती रेष बिनदिक्कत ओलांडतो. पहिली दहा मिनिटं डोळे गोंधळतात, मग बसतात. कॅमेरा तर जवळजवळ हलतच नाही. १९५८पासूनच्या सहाही रंगीत चित्रपटांत तो जागचा ढळत नाही. त्या रंगीत चित्रपटांत लाल रंग शोधायचा खेळ करा. एखादी लाल किटली या दृश्यात इथे, पुढच्यात तिथे, केवळ चौकट जुळावी म्हणून सरकवलेली असते.

सर्वात मोठा घोटाळा नावांचा होतो. ‘लेट स्प्रिंग’, ‘अर्ली समर’ (१९५१) आणि ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) या तिन्हींत नटी सेत्सुको हाराचं नाव नोरिको आहे, पण नोरिको तीन वेगळ्या बायका आहेत. चिशू र्‍यू पहिल्यात तिचा बाप, दुसऱ्यात भाऊ, तिसऱ्यात सासरा. ‘टोकियो स्टोरी’त सत्तरीकडे झुकलेला दिसणारा हा नट तेव्हा पन्नाशीचाही नव्हता. तिन्ही सलग बघू नका, मधे किमान एक वेगळा दिग्दर्शक घाला. नाहीतर महिन्याभराने कुठला बाप कुठल्या मुलीला काय म्हणाला याची खिचडी होते. ‘टोकियो स्टोरी’ लावण्याआधी एवढी वंशावळ लिहून ठेवा: थोरला कोइची डॉक्टर, त्याची बायको फुमिको, मुलगी शिगे, तिचं ब्यूटी पार्लर, दुसरा मुलगा शोजी युद्धात गेला, त्याची विधवा नोरिको, धाकटा केइझो ओसाकाला रेल्वेत, शेंडेफळ क्योको शिक्षिका, आईबापांजवळ ओनोमिचीत.

कुरोसावा: नकाशा आणि हिशेब

कुरोसावाकडे कागद वेगळ्या कामाला लागतो. ‘सेव्हन समुराई’त दरोडेखोरांपासून गाव वाचवायला आलेल्या समुराईंचा म्होरक्या कांबेई गावाचा नकाशा काढतो, चाळीस दरोडेखोरांची चाळीस वर्तुळं काढतो आणि मेलेल्यांवर काट मारत जातो. तुम्हीही मारा. दरोडेखोरांकडे बंदुका तीन आहेत. कोणती कधी हाती लागते आणि किती उरतात यावर लक्ष ठेवलंत तर शेवटच्या पावसातल्या लढाईत कुणाला कशाची भीती आहे ते न सांगता कळतं. झेंड्यावर सहा वर्तुळं, एक त्रिकोण आणि खाली ‘ता’ हे अक्षर आहे: सहा समुराई, सातवा किकुचियो, आणि ‘ता’ म्हणजे शेत, अर्थात शेतकरी. किकुचियोला वर्तुळ का मिळालं नाही, हाच चित्रपटाचा अर्धा विषय.

पावणेदोन तासांच्या आसपास मध्यांतराची पाटी आणि संगीत येतं. ते वगळू नका. तिथेच जेवून घ्या, कारण दुसऱ्या भागात उठायला सापडणार नाही. दोन रात्रींत बघायचा असेल तरी तोडायची जागा तीच. नेटवर अर्धा तास अर्धा तास असा सात दिवसांत बघितलेला ‘सेव्हन समुराई’ न बघितल्यात जमा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याची कारागिरी पकडायची तर एक दृश्य पाच मिनिटं आवाज बंद करून बघा. पाऊस, वारा, धूळ, धूर यांपैकी काहीतरी मागे सतत हलत असतं. कट नेमका हालचालीच्या मध्यावर बसतो, म्हणून तो दिसत नाही. लांबून, टेलिफोटो लेन्सने घेतलेल्या चित्रात घोडे आणि माणसं एकमेकांवर चढल्यासारखी दाटतात. ‘सेव्हन समुराई’च्या शेवटच्या लढाईपासून त्याने एकाच वेळी अनेक कॅमेरे लावायची पद्धत धरली, त्यामुळे नटांना कॅमेऱ्याकडे बघून अभिनय करायची सोयच राहिली नाही.

‘रान’ (१९८५) बघाल तेव्हा तीन भावांच्या सैन्यांचे तीन रंग आधी पाठ करा: तारोचे सैनिक पिवळे, जिरोचे लाल, साबुरोचे निळे. रंग माहीत नसतील तर किल्ल्यावरचा हल्ला नुसता सुंदर गोंधळ वाटतो.

‘राशोमोन’ (१९५०, ८८ मिनिटं) आठ आठवड्यांच्या यादीत का नाही? एकाच घटनेच्या परस्परविरोधी जबान्या ही युक्ती इतक्या वेळा उचलली गेली आहे की आज थेट बघणाऱ्याला ती जुनी वाटते. कुरोसावाचे तीन-चार बघून झाल्यावर लावा आणि कथेपेक्षा काझुओ मियागावाचं छायाचित्रण बघा, पानांमधून झिरपणारं ऊन आणि जंगलात धावणारा कॅमेरा. १९५१ला व्हेनिसला याला सुवर्णसिंह मिळाला आणि परदेशाला जपानी सिनेमाची दारं उघडली.

मिझोगुची आणि नारुसे

केंजी मिझोगुची घरात असेल नसेल त्यातल्या सर्वात मोठ्या पडद्यावर बघा. ‘उगेत्सु’ (१९५३, ९७ मिनिटं) आणि ‘सान्शो द बेलिफ’ (१९५४, १२४ मिनिटं) यांत तो माणसांना दूर ठेवतो, कट टाळतो आणि कॅमेरा हळूच त्यांच्या मागून सरकवतो. फोनवर त्यातलं काही उरत नाही. ‘सान्शो’ दुःखाचा आहे. त्या रात्री दुसरं काही लावू नका.

मिकिओ नारुसेकडे सगळे पैसे मोजत असतात. ‘व्हेन अ वुमन असेंड्स द स्टेअर्स’मध्ये (१९६०, १११ मिनिटं) टोकियोच्या गिन्झा भागातल्या बारची मालकी मिळवू पाहणारी केइको भाडं, किमोनो, भावाचं कर्ज, गिऱ्हाइकांची थकलेली बिलं यांत अडकली आहे. नायिका हिदेको ताकामिनेने या चित्रपटाची वेशभूषाही केली होती, म्हणून किमोनोंकडे लक्ष द्या. कोणता कुठल्या रात्री घातला यातून तिची ऐपत कळते. कोरे-एदाला सगळे ओझूचा वारस म्हणतात. तो स्वतः मात्र नारुसेशी नातं सांगतो, आणि ‘स्टिल वॉकिंग’नंतर हा चित्रपट बघितला की त्याचं म्हणणं पटतं.

कान: इथे मराठी कामाला येते

जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, मराठीसारखंच. नकारही शेवटी. ‘आज मी येणार’ इथपर्यंत काहीच ठरलेलं नसतं. ‘नाही’ नंतर येतं. इंग्रजी सबटायटल मात्र नकार सुरुवातीलाच फोडून टाकतं. उपाय सोपा आहे: ओळ झटकन वाचा आणि लगेच चेहऱ्याकडे जा. नटाला अजून वाक्य पूर्ण करायचं असतं, आणि त्या शेवटच्या शब्दाआधीचा थांबा तुम्हाला मराठीच्या सवयीने ऐकू येतो.

घरातून निघताना पात्रं म्हणतात ‘इत्ते किमास’. शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’. घरातली उत्तर देतात ‘इत्तेराश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन या’. इंग्रजीत याचं नुसतं ‘निघालो’ होतं. आपल्याकडेही ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. म्हणून एखादं पात्र हे न म्हणता दार सरकवून गेलं तर ते खटकायला हवं. परतल्यावर ‘तादाइमा’, आणि आतून ‘ओकाएरी’. दारातून कुणी आलं आणि आतून उत्तरच आलं नाही, तर त्या घराचं काय चाललंय ते कळून चुकतं.

बायको नवऱ्याला ‘अनाता’ म्हणते. कोशात अर्थ ‘तुम्ही’, पण घरात तो ‘अहो’ आहे. नवरा हाक मारतो ‘ओइ’. मुलं झाल्यावर दोघं एकमेकांना ‘ओतोसान’, ‘ओकासान’ म्हणजे बाबा, आई म्हणू लागतात. ‘ओनेसान’ म्हणजे ताई, पण वहिनीलाही तेच. ‘टोकियो स्टोरी’त क्योको नोरिकोला हाक मारते तेव्हा मनात ‘वहिनी’ धरा. ‘ओजिसान’ काका आणि ‘ओजीसान’ आजोबा, फरक फक्त दीर्घ ‘ई’चा. वाक्याअंती येणारा ‘ने’ आपला ‘ना?’, आणि ‘सो देस का’ म्हणजे ‘असं का’. हे दहा-बारा शब्द एका कागदावर लिहून पहिले तीन चित्रपट समोर ठेवा, चौथ्याला गरज पडत नाही. ‘टोकियो स्टोरी’त म्हातारा-म्हातारी ओनोमिचीच्या ढंगात बोलतात आणि टोकियोत स्थिरावलेली मुलं शहरी जपानीत. मालवणहून मुंबईला मुलाकडे आलेल्या आईबापांचं बोलणं आठवलं की सबटायटलमधून गळालेला हा धागा हाताला लागतो.

तारखांसाठी एक छोटा हिशेब. पत्रं, पाट्या, कॅलेंडर यांवर सम्राटाच्या कारकिर्दीची वर्षं असतात. शोवा वर्षात १९२५ मिळवा (शोवा २८ म्हणजे १९५३), तैशोमध्ये १९११, हेइसेइमध्ये १९८८.

नावांत जपानी माणूस आडनाव आधी लावतो, इंग्रजी ते उलटं करतं. त्यामुळे दिग्दर्शक कोन इचिकावामधला कोन पाळण्यातला आणि सातोशी कोनमधला कोन आडनाव. कियोशी कुरोसावा हा अकिराचा कुणीही लागत नाही. ‘क्युअर’ (१९९७) हा त्याचा भयपट समुराईच्या आशेने लावू नका.

नवे आणि लांब

कोबायाशीचा ‘द ह्यूमन कंडिशन’ (१९५९–६१) सुमारे साडेनऊ तासांचा आहे. तो तीन चित्रपट, सहा भाग असाच बनलेला आहे, म्हणून सहा संध्याकाळी करा. एका बैठकीचा पराक्रम करणाऱ्यांना शेवटचा भाग आठवत नाही. र्‍यूसुके हामागुचीचा ‘ड्राइव्ह माय कार’ (२०२१, १७९ मिनिटं) सुरू झाल्यावर चाळीसेक मिनिटांनी श्रेयनामावली येते. फाइल बिघडलेली नाही, तिथवरचा भाग ही प्रस्तावना होती. त्याचा ‘हॅपी अवर’ (२०१५) ३१७ मिनिटांचा, तो आवडलाच तर.

अ‍ॅनिमेशन

इथे एक तांत्रिक खोट सारखी भेटते: इंग्रजी सबटायटल मूळ जपानीवरून न करता इंग्रजी डबवरून उतरवलेलं असतं. ओळखायची खूण म्हणजे पात्राचे ओठ मिटलेले किंवा पाठ वळलेली असताना पडद्यावर वाक्य येतं. ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’च्या १९९८च्या डबमध्ये मांजराला नसलेली वाक्यं चिकटवली होती. सबटायटलच्या यादीत ‘सीसी’ (क्लोज्ड कॅप्शन) असलेला आणि नसलेला असे दोन पर्याय दिसले तर नसलेला निवडा, आणि आवाज जपानी ठेवा.

आपल्याशी थेट जोडलेला चित्रपट म्हणजे युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांचा रामायणावरचा. २०२५च्या जानेवारीत तो भारतातल्या थिएटरांत पुन्हा लागला होता. घरातल्या लहानांना जपानी रेषेची ओळख करून द्यायला सोयीचा.

चारचौघांना जमवून बघणार असाल तर घरगुती डिस्क किंवा ओटीटी खातं सभागृहात चालत नाही, प्रदर्शनाची परवानगी वितरकाकडून वेगळी घ्यावी लागते. जपान फाउंडेशन भारतात महोत्सव घेतं आणि अधूनमधून ऑनलाइन मोफत चित्रपटही दाखवतं. गटासाठी पहिली विचारणा तिथेच करा. रुंद पट्ट्याचा चित्रपट प्रोजेक्टरवर झूम करून पडदा भरलात तर खालच्या काळ्या पट्टीतलं सबटायटल पडद्याबाहेर जातं. प्रेक्षक येण्याआधी पाच मिनिटं संवादाचं दृश्य लावून बघा, नुसती नामावली बघून समाधान मानू नका.

ताकाहाताचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (८९ मिनिटं) आणि मियाझाकीचा ‘माय नेबर टोटोरो’ (८६ मिनिटं) १६ एप्रिल १९८८ला जपानमध्ये एकाच तिकिटावर लागले होते. तुम्हीही जोडी लावणार असाल तर ‘फायरफ्लाइज’ आधी आणि ‘टोटोरो’ नंतर. उलट केलंत तर घरी जाणारी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. आणि सातोशी कोनचा ‘मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस’ (२००१, ८७ मिनिटं) वरचे आठही आठवडे झाल्यावरच काढा: त्यातली अचानक पडद्याआड गेलेली नटी सेत्सुको हारा आणि हिदेको ताकामिने यांच्यावरून सुचलेली आहे, आणि तोवर दोघींचे चेहरे तुमच्या ओळखीचे झालेले असतील.